न पाहिलेले अठरा

तीन फासे फरशीवर घरंगळले, कपाटाच्या पायाला आपटून थांबले आणि तिन्हींवर सहा-सहा ठिपके वर आले... मी उंबऱ्याच्या आतूनच ओरडले, "अठरा!"

त्या वर्षी मी बारा वर्षांची होते. साथीने सारं शहर बंद होतं आणि लालबागच्या आमच्या चाळीचा दुसरा मजला बांबू बांधून अडवलेला. एरवी मे महिन्यात मिरची कांडपाने अख्खी गल्ली शिंकत असे. त्या मे महिन्यात मात्र फिनेल, कापूर आणि उकळत्या काढ्याचा कडवट वास, एवढंच. तापलेल्या पत्र्याखाली, दहा बाय बाराच्या खोलीत मी आणि पप्पा. आई परळच्या एका रुग्णालयात नर्स. तिची राहायची सोयही तिकडेच केलेली. रोज संध्याकाळी ती फोनवर दिसायची, नाकावर मास्कच्या पट्ट्यांचे वळ घेऊन.

कोपऱ्यातल्या खोलीतला तेजसदादा कॉलेजात एक खेळ शिकून आला होता. आपण योद्धा, चोर किंवा वैद्य व्हायचं आणि दादा सांगेल त्या गोष्टीत शिरायचं. आपल्या पात्राचं बळ, चपळाई, बुद्धी असे सहा गुण. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे, बेरीज येईल तेवढा तो गुण. घराघरांतल्या ल्युडोच्या डब्यांतून फासे निघाले. आम्ही मुलं आपापल्या उंबऱ्यावर बसून गॅलरीभर आकडे ओरडत होतो.

"खोटं बोलते ती!" दोन दारं पलीकडून रिया म्हणाली. "कुणी बघितले अठरा?"

"पप्पांनी!" मी वळले. पप्पा भेंडी चिरत होते. त्यांनी पाहिलं होतं, फासे थांबले तेव्हा ते हसलेही होते. पण आता मान खाली घालून, गॅलरीपर्यंत पोहोचणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "खेळच आहे गं. जाऊ दे."

त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. दोनच दिवसांपूर्वी रियाची आई, परबकाकू, तोंडाला पदर लावून दूर उभी राहिली होती. "भावजी, रागावू नका हां, पण सगळं निवळेपर्यंत वहिनींना इथे आणू नका. आमच्याकडे लहान पोर आहे." पप्पांनी नुसती मान डोलावली होती... आणि तेव्हापासून ते नळसुद्धा आवाज न करता सोडत.

"फासे नकोत, आपण ठरावीक पॉइंट घेऊ," तेजसदादा म्हणाला. "सगळ्यांना सारखे. बळ वाढवायचं असेल तर बुद्धी कमी करायची. म्हणजे कुणावर शंका नको."

"माझ्यावर आहे ना शंका?"

मी दार लावून घेतलं.

मग ते दिवस... खिडकीतून दिसणारी आकाशाची चिंचोळी पट्टी, पंख्याची करकर, चटईवर पाठीला चिकटणारा फ्रॉक. बाहेर ती सगळी मशाली घेऊन कुठल्याशा गुहेत उतरत होती, नदी ओलांडत होती. आणि मी दाराला कान लावून, घामाने थबथबून, तिथल्या तिथेच. पप्पा दोनदा जवळ आले आणि परत गेले. त्या खोलीत आम्ही दोघंही कोंडलेले होतो, पण एकमेकांबरोबर नव्हतो.

अखेर तेजसदादाने हाक मारली. "जुई, बाहेर ये. पॉइंट राहू देत." त्याने गॅलरीच्या मधोमध स्टीलची परात ठेवली होती. "यात टाक. सगळ्यांना दिसेल."

मी तोंडाला रुमाल बांधून गेले. परात खणखणली. सात. मग नऊ. सहा. एकदाच अकरा आले; बाकी सगळे त्याहून कमी. मला वर बघवेना.

"तू पॉइंट घे," दादा हळूच म्हणाला. "चालेल सगळ्यांना."

तेवढ्यात माझ्यामागून आवाज आला. "तिचे त्या दिवशीचे अठरा खरे होते." पप्पा उंबऱ्याबाहेर उभे होते. "मी बघितले होते. तेव्हाच सांगायला हवं होतं मी." मग त्यांनी परबकाकूंच्या दाराकडे पाहिलं. "आणि हिची आई ड्युटीतून सुटली की इथेच येईल. तिचं घर आहे हे."

काकू दारात होत्या. धाकट्याला कडेवर सावरत आत गेल्या.

"मग अठरा लिहू?" दादाने विचारलं.

"नको," मी म्हणाले. "आत्ताचेच लिही."

त्या आकड्यांतून झालेल्या माझ्या कमजोर वैद्यबाईला घेऊन मी महिनाभर खेळले. तिला ओझं उचलता येईना, अंधारात ती अडखळून पडे. एका दुपारी गुहेचं छत कोसळू लागलं, तेव्हा मी काही म्हणायच्या आत रिया ओरडली, "माझा योद्धा तिला पाठीवर घेतो!"

पावसाळ्याच्या तोंडावर आई आली. जिन्यावरून येताना तिने दुरूनच हात हलवला. परबकाकूंनी दार लावलं नाही.

आता चाळ पाडली आहे. पुनर्विकास होईस्तोवर आम्ही भायखळ्याला, एका उंच इमारतीत भाड्याने राहतो. रविवारी तेजसदादा आम्हा सगळ्यांना मोबाइलच्या पडद्यावर गोळा करतो. तिथे एकमेकांचे फासे दिसत नाहीत, म्हणून सारे पॉइंटच घेतात, मीही घेते. इथे गॅलरी नाही. दिवसाही दिवे लावावे लागतात असा लांब, बंद बोळ आहे, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. पप्पा संध्याकाळी आमचं दार उघडं ठेवून खुर्ची टाकून बसतात, कुणी जाताना दिसलं की "या" म्हणतात... माणसं ओळखीचं हसतात आणि लिफ्टकडे वळतात.