इथे कुणीही दगावलेलं नाही

एउफेमिया बोझाच हे नाव फक्त पेन्शनच्या कागदांवर होतं. इस्त्रियाच्या किनाऱ्यावरच्या त्या बंदरात सगळे तिला फूमामावशी म्हणत. एकोणिसाव्या वर्षी ती टेकडीवरच्या लष्करी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला लागली आणि सतरा वर्षं तिने सैनिकांच्या चादरी उकळल्या, पिळल्या, वाळवल्या. एक्याण्णव साली देश फुटला आणि लष्कर गेलं. जाताना खाटा नेल्या, बॉयलर नेला, भिंतींवरची दिव्यांची बटणंसुद्धा उपटून नेली. राहिला तो किल्ल्यांचा जुडगा. कुठली किल्ली कुठल्या दाराची हे फूमाशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून नगरपालिकेने तिलाच राखणदार नेमलं.

पुढची तीस वर्षं नुसता वैताग. दर दोन-तीन वर्षांनी नवी मंडळी यायची. एकदा म्हणे वृद्धाश्रम होणार, एकदा नाविकांची शाळा, एकदा दम्याच्या रोग्यांसाठी आरोग्यधाम. प्रत्येक वेळी फूमाने दारं उघडून द्यायची आणि तेच तेच सांगायचं: इमारत बादशाही नौदलाने बांधली, इटलीवाल्यांनी पिवळी रंगवली, मग आपल्यांनी खांद्यापर्यंत हिरवी केली. मंडळी माना डोलवायची, फोटो काढायची आणि गायब व्हायची. शस्त्रक्रियेच्या खोलीत अंजिराचं झाड छतापर्यंत गेलं, तरी त्यांच्या बैठका काही संपल्या नाहीत.

अखेर एक कंपनी खरोखरच आली. समुद्राकडे तोंड असलेल्या बासष्ट सदनिका होणार होत्या. माहितीपुस्तक लिहायला कोरिना नावाची तिशीतली बाई नेमली होती, ती फूमाच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. तिला एखादी परिचारिका आणि खलाशी यांचं प्रेमप्रकरण हवं होतं, नाहीतर निदान एखादं सौम्यसं भूत. फूमाने तिला कावीळ, गळवं, उवा आणि हर्निया यांची हकीकत सांगितली. हगवणीची साथ आली त्याच आठवड्यात बॉयलर फुटला, तेव्हा चारशे चादरी हाताने धुतल्या, तेही सांगितलं. कोरिनाचं पेन जागचं हललं नाही.

दोन महिन्यांनी पुस्तक छापून आलं. गुळगुळीत कागद, निळा समुद्र. चौथ्या पानावर लिहिलं होतं, ‘या भिंतींनी शंभर वर्षं माणसांना फक्त बरं केलं. इथे कुणीही दगावलेलं नाही.’ फूमाने ते वाक्य तीनदा वाचलं. तोवर चुलीवरचं सूप करपलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन कंपनीच्या कार्यालयात गेली.

“मावशी, ही जाहिरात आहे,” कोरिना म्हणाली. “कुणी शब्दशः घेत नाही.”

“मग लिहिता कशाला?”

“लोकांना त्या खोल्यांत झोप लागायला हवी ना.”

“इस्पितळ होतं बाई ते, नाट्यगृह नव्हतं. इस्पितळात माणसं मरतात.”

साहेब रजेवर आहेत, असं तिला सांगण्यात आलं. पुढच्या वेळी सांगितलं की पुस्तक छापून झालंय. त्याच्या पुढच्या वेळी, लेखी द्या. तिने लेखी दिलं. तीन आठवड्यांनी छापील उत्तर आलं: आपण आमच्या सदनिकांमध्ये दाखवलेल्या रुचीबद्दल आम्ही आभारी आहोत.

एवढं चिडायला कारण होतं, पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत त्रायचे गेलेव नावाचा एक सैनिक हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला होता. वीस वर्षांचा, मॅसेडोनियातल्या कोचानीचा. तिथे भाताची शेती. चालता येणाऱ्या रोग्यांना हलक्या कामाला लावायची पद्धत होती, म्हणून पाचव्या दिवशी त्याला चादरींच्या घड्या घालायला वाळवणीच्या खोलीत पाठवलं. चादरीची घडी एकट्याने होत नाही. समोरासमोर उभं राहायचं, टोकं ताणायची, एकमेकांकडे चालत यायचं. तो आपल्या भाताच्या खाचरांबद्दल बोलायचा. पाण्यात आभाळ कसं दिसतं, बेडूक कसे ओरडतात. फूमा हसायची. सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास चादर ताणलेली असताना त्याच्याकडची टोकं सुटली. तो म्हणाला, “जरा बसतो हं,” आणि बसला तो उठलाच नाही. रक्ताची गुठळी होती, डॉक्टर म्हणाले, कुणाच्याच हातात काही नव्हतं. त्याच्या आईला लष्कराचं दोन ओळींचं पत्र गेलं. फूमाने स्वतः चार पानांचं लिहिलं.

आणि आता म्हणे इथे कुणीही दगावलेलं नाही.

सदनिका बघायला खुल्या झाल्या त्या शनिवारी फूमा इस्त्रीचा कोट घालून टेकडी चढली. नमुन्याची सदनिका म्हणून नेमकी वाळवणीचीच खोली सजवली होती. पांढरा सोफा, त्यावर कुणी कधी बसणार नाही अशा उशा. पंधराएक गिऱ्हाइकांसमोर कोरिनाने ते वाक्य म्हटलं.

“दगावलंय,” फूमा मागून म्हणाली. “इथेच. हा सोफा आहे ना, तिथे.”

मग तिने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. दोन जोडपी हळूच बाहेर पडली. कोरिना भिंतीसारखी पांढरी पडली. ल्युब्ल्यानाहून आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने मात्र विचारलं, “त्याच्या आईचं नाव काय होतं हो?”

“वेलिका. तिचं उत्तर आलं होतं मला.”

शिक्षिकेने तीच सदनिका घेतली. माणसं घरातही मरतात, एवढंच ती म्हणाली.

सोमवारी कार्यालयातून फोन आला. फूमाला वाटलं, आता दम भरणार. साहेब फारच गोड बोलत होते. लोकांना तिची गोष्ट भावली, तर दर शनिवारी अकरा वाजता येऊन ती सांगाल का? फक्त शेवट जरा हळुवार करा, असं त्यांचं म्हणणं.

“कालपर्यंत तो मेलाच नव्हता,” फूमा म्हणाली, “आणि आता दर शनिवारी अकराला मारायचा?”

तिने साफ नकार दिला. ते वाक्य काढा आणि त्याच्या नावाची पाटी लावा, एवढंच सांगून फोन ठेवला.

वाक्य निघालं. त्याजागी ‘इथल्या प्रत्येक खोलीला एक कहाणी आहे’ असं आलं. फूमाने कपाळावर हात मारला, पण सोडून दिलं. पाटी आली ती ‘त्रायको’ नावाने. परत पाठवली. दुसऱ्या पाटीवर नाव बरोबर होतं, पण सैनिकाचा कप्तान झाला होता. विचारलं तर कोरिना खाली मान घालून म्हणाली, “नुसता शिपाई बरा दिसत नाही, असं वरून सांगितलं. मी नको म्हटलं होतं, मावशी.” फूमाने घरून पेचकस आणून ती पाटी स्वतःच उतरवली. तिसरी बरोबर आली: त्रायचे गेलेव, सैनिक, कोचानी, १९६३–१९८३, येथे निधन. फूमा ती लावत असताना कोरिनाने शेजारी उभं राहून स्क्रू हातात दिले.

जागा मात्र फाटकाजवळची मिळाली. मे महिन्यात फूमा वर गेली तर पाटीला टेकून एक स्कूटर उभी. तिने फाटकावरच्या बासष्ट घंट्या एकेक करून दाबायला घेतल्या. एकेचाळिसाव्या घंटीला एक माणूस चपला फरफटवत खाली आला. त्याने माफी मागितली, पाटी वाचली, स्कूटर हलवली.

आठवड्याने स्कूटर पुन्हा तिथेच होती. फूमाने पिशवी खाली ठेवली आणि थेट एकेचाळिसावी घंटी दाबून धरली.