सावरीखालचा धूर

माझं माहेर उत्रोलीचं. तिकडं भाताची सपाट खाचरं आणि भोरचा बाजार अगदी जवळ. लग्न होऊन वेल्ह्याकडं आले आणि सासरची जमीन पाहिली तेव्हा मला रडूच आलं. ओढ्याकाठी भाताचे थोडे तुकडे, बाकी सगळं वरकस. वरकस म्हणजे डोंगरउताराची मुरमाड जमीन. तिच्यात दोन-तीन वर्षं नाचणी-वरई घ्यायची, मग ती दमली की पड टाकायची. उन्हाळ्यात तो उतार असा उघडा पडायचा की बघवत नसे.

सासू-सासरे माझ्या लग्नानंतर लवकरच गेले. आमचे हे शिवऱ्याजवळ हायवेच्या एका कंपनीत कामाला. शनिवारी रात्री यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे. त्यामुळं शेती खरी धाकट्या दिराची, जावेची आणि माझी. दीर मला वहिनी म्हणायचा, पण मी त्याच्याशी अरे-तुरेच करायचे. मी आले तेव्हा तो शाळेत जात होता. जाऊ पलीकडच्या डोंगरातली. ती मला आक्का म्हणते.

वरकसात झाडं लावायचं खूळ दिराच्या डोक्यात एका संस्थेच्या लोकांनी घातलं. बांधाबांधानं आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, करंज लावायचे, आणि मधल्या पट्ट्यात नाचणी घेत राहायचं. रोपं ते देणार, खड्डे आणि पाणी आपलं. गावात हसले लोक. "आंबं तू लाव, माकडं खातील," असं त्याला तोंडावर म्हणाले. तो खड्डे खणत राहिला. पहिले दोन उन्हाळे आम्ही तिघांनी ओढ्यातून कळशांनी पाणी वर चढवलं. माझ्या डोक्याचे केस विरळ झाले ते त्या कळशीनं, असं मी अजून म्हणते.

झाडं जगली. सगळी नाही, पण जगली. मग त्याच संस्थेनं मधपेट्या दिल्या. दीर आणि जाऊ दोघं शिकून आले, पण हात बसला तो जावेचा. तिच्या माहेरी मोहोळं काढायची सवय होती. ती तोंडाला जाळी न लावता पेटी उघडायची, चौकट हळूच वर घ्यायची, आणि माश्या तिच्या मनगटावरून चालत जायच्या. मी लांबून बघायचे. "आक्का, ये की जवळ," ती म्हणायची. "घाई न्हाई केली तर काय करीत न्हाईत."

पेटीत राहते ती सातेरी माशी. लहान, काळसर, झाडाच्या ढोलीत किंवा घराच्या भिंतीत घर करणारी. आग्या माशी वेगळी. ती मोठी असते, उंच फांदीला उघड्यावर लोंबतं पोळं करते आणि पेटीत कधीच राहत नाही. हे मी इथं सांगते कारण पुढं मला हे खूप लोकांना सांगावं लागलं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

चार-पाच वर्षं बरी गेली. रविवारी जाऊ मधाच्या बाटल्या घेऊन गडाच्या पायथ्याच्या पालीला जायची. गड चढून आलेली शहरातली पोरं घ्यायची. जांभळीच्या फुलोऱ्याचा मध काळा आणि जरा कडसर, तो कुणी परत केला की ती हसून म्हणायची, "ह्योच खरा." वरकसाला सावली आली. करंजाखाली माती हाताला मऊ लागायला लागली. आमचे हे कंपनी सोडून घरी यायची भाषा करू लागले होते.

आमच्या गावाची स्मशानाची जागा नदीकाठी आहे. तिथं मोठी सावर आहे, म्हणजे होती. हिवाळा सरला की तिला पान नसतं, नुसती लाल फुलं. दरवर्षी आग्या माश्या तिच्या फांद्यांना पोळी लावायच्या. पूर्वी सरण नदीच्या पात्रात, झाडापासून लांब रचायचे. मग सिमेंटचा कट्टा आणि वर पत्रा झाला, आणि तो झाला नेमका सावरीच्या बुडाशी, कारण तिथं सावली. दिरानं तेव्हाच सांगितलं होतं, हितं धूर वर पोळ्यांत जाणार. त्याला सांगितलं, काम मंजूर झालंय, आता जागा बदलत नाही.

त्या रविवारी भावकीतली एक म्हातारी वारली. माझी चुलत सासू. वयानं गेली, कुणाला फार दुःख होण्यासारखं नव्हतं. आम्ही बाया तिच्या घरी थांबलो. घर सारवायचं, पाणी तापवायचं. पुरुष नदीवर गेले. पुढचं मला आमच्या ह्यांनी सांगितलं, तेही एकदम नाही, बऱ्याच दिवसांत तुकड्या-तुकड्यानं.

दीर कट्ट्याशी पोचल्यावर म्हणाला होता, "वर बघा. चार पोळी हायती. आज पात्रात रचूया." म्हातारीचा मुलगा म्हणाला, "एवढा कट्टा असताना आईला दगडात जाळू व्हय?" आईचं प्रेत पुढ्यात असलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? लाकूड ओलं होतं. पेटेना म्हणून रॉकेल ओतलं, टायर घातलं. धूर पत्र्याखालून वळसा घेऊन सरळ फांद्यांत गेला.

हे म्हणाले, आधी वरून पावसासारखा आवाज आला. मग सगळे पळाले. कुणी नदीत, कुणी करवंदीच्या जाळ्यांत, कुणी गावाकडं. सरण तसंच अर्धं पेटलेलं राहिलं. म्हातारीचे थोरले भाऊ, गावातच राहणारे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते काठी टेकत चालणारे. ते कुठं पळणार? ते कट्ट्याजवळच पडले. दीर नदीपर्यंत पोचला होता. तो मागं फिरला. खांद्यावरची घोंगडी त्यानं अण्णांवर टाकली, कडा आवळल्या, आणि घोंगडी उडू नये म्हणून स्वतः वर पालथा पडून राहिला.

आम्हाला आधी ओरडा ऐकू आला, मग धावत येणारी माणसं दिसली. दार-खिडक्या लावा म्हणून कुणीतरी सांगत होतं. बऱ्याच वेळानं दीर आला, आपल्या पायानं चालत. ह्यांनी त्याला धरलं होतं, पण चालत तो स्वतःच होता. ओट्यावर बसला. मान, कान, डोक्याचा केसाळ भाग, सगळीकडं काटे रुतलेले. जाऊ त्याच्या मागं गुडघ्यावर बसली आणि नखानं एकेक काटा खरवडून काढायला लागली. चिमटीत धरायचा नाही, विष आत जातं, हे दोघांना शिकवलेलं होतं. ती रडत नव्हती. मीही घाबरले नव्हते, खरं सांगते. त्याला आधी किती वेळा माशी चावली होती! त्यालाही तसंच वाटलं असावं.

"आपल्याला सवय हाय, वहिनी," तो म्हणाला. "अण्णांचं बघा."

अण्णांना तोंडावर आणि हातावर चावल्या होत्या, पण ते बरे होते. मग दिराला उलटी झाली. ओठ सुजले. जीभ जड झाली. ह्यांनी रस्त्यावर जाऊन एक टेम्पो थांबवला. मागं कोबीची रिकामी पोती होती, त्यांवर त्याला निजवलं. एका बाजूला जाऊ, एका बाजूला मी. जवळच्या दवाखान्यात सुई दिली आणि ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. अॅम्ब्युलन्स यायला वेळ होता, म्हणून त्याच टेम्पोनं पुढं निघालो.

"लई गरम होतंय गं," तो जावेला म्हणाला. तिनं पदरानं वारा घातला. नसरापूर यायच्या आधी त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि थोड्या वेळानं वाजायचा थांबला. जाऊ वारा घालतच राहिली. मी तिचा हात धरला तेव्हा तिनं माझ्याकडं अशा रागानं बघितलं की मी हात सोडला.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आलो. कट्ट्यावर न्यायला कुणी तयार नव्हतं. आदल्या संध्याकाळी माश्या बसल्यावर चार माणसं घोंगड्या पांघरून गेली होती आणि म्हातारीचं राहिलेलं उरकून आली होती. दिराला आम्ही आमच्याच खाचरात, ओढ्याकाठी अग्नी दिला. त्या दिवशी लाकडं वाळलेली होती. धूर जवळजवळ झालाच नाही.

दहावा झाल्यावर देवळात बैठक बसली. बायांनी बसायची रीत नाही, पण मी गेले. ठरवायचं होतं ते आमच्या पेट्यांचं. सावर तोडायची हे आधीच ठरलं होतं.

"पेट्या गावात नकोत," म्हातारीचा मुलगा म्हणाला. तो चांगला माणूस आहे. त्याच्या चेहऱ्यावरची सूज अजून उतरली नव्हती.

मी उभी राहिले. म्हटलं, "आमच्या माश्या सातेरी. त्या वरकसात, नदीपासून किती लांब. चावल्या त्या आग्या, त्या आधीपासून सावरीवर होत्या. कट्टा तिथं बांधू नका म्हणून आमचा माणूस सांगत होता."

दोघा-तिघांनी माना हलवल्या. मला वाटलं पटलं. मग कोपऱ्यातून अण्णांचा आवाज आला. त्यांच्या पापण्या अजून सुजलेल्या होत्या, हात कापत होते.

"सूनबाई, माशी ती माशी. मला आता घरातली साधी माशी बी सोसत न्हाई. काढा त्या."

ज्याच्यावर आमचा माणूस पालथा पडून राहिला त्यानं हे म्हणावं! मला त्यांना खूप काही म्हणायचं होतं. पण त्यांचे ते कापणारे हात बघितले आणि मी खाली बसले. त्यांनी मुद्दाम म्हटलं नव्हतं. ते घाबरलेले होते, एवढंच.

घरी येताना मी ह्यांच्याशी भांडत आले. पेट्या हलू देणार नाही, असं मी म्हणत होते. तिच्या नवऱ्याचं तेवढंच राहिलंय, तिच्या हाताला तेवढंच काम आहे, ते पण काढून घ्यायचं का? हे दोन पावलं पुढं चालत होते. जाऊ चुलीपाशी बसली होती. भिंतीआडून तिनं सगळं ऐकलं असणार.

"आक्का," ती म्हणाली, "माझ्यासाठी भांडू नगंस. जाऊ देत त्या."

"अगं, पण तुझ्या हातच्या..."

"मला ती भणभण ऐकवत न्हाई. परवा वर गेले व्हते. पेटीपाशी उभी ऱ्हायले आन् झाकण उचलंना हातानं." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "त्यांची चूक न्हाई. मला ठावं हाय. तरी बी."



भोरच्या बाजूचे एक मुसलमान गृहस्थ पेट्या ठेवायचे; दिराची आणि त्यांची शिकताना ओळख झाली होती. ह्यांनी त्यांना फोन केला. ते संध्याकाळी टेम्पो घेऊन आले, माश्या आत परतल्यावर दारं जाळीनं बंद केली आणि एकेक पेटी स्वतः छातीशी धरून उतारावरून खाली आणली. मी कंदील धरला होता. निघताना ते ह्यांना म्हणाले, "भाऊ, पुढंमागं पाहिजे वाटलं तर सांगा. मी ह्या वेगळ्या ठेवतो." जाऊ बाहेर आली नाही.

सावर तोडायला दोन दिवस लागले. लाकूड कुणाच्या कामाचं नव्हतं, तिथंच कुजलं. कट्टा अजून तिथंच आहे, आता त्याला सावली नाही. आग्या माश्या पुढच्या हिवाळ्यात नदीपलीकडं एका उंबरावर आल्या. लोक त्या वाटेनं जात नाहीत.

ह्यांचं कंपनी सोडायचं राहून गेलं. जाऊ पालीला एका जेवणघरात भाकरी थापायला जाते. गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी लागते. सकाळी जाते, दिवस मावळायच्या आत येते. पगाराचं ती कधी बोलत नाही, मी विचारत नाही. कुणी गिऱ्हाइकानं तिथं मध मागितला की ती मालकाला पुढं करते, असं मला दुसऱ्या एका बाईनं सांगितलं.

वरकसावर मी एकटीच जाते. संस्थेची माणसं एकदा येऊन गेली. त्यांनी झाडं बघितली, पेट्यांच्या जागी उरलेले दगड बघितले, आणि तरुण पोरगी होती ती रडली. मी तिला पाणी दिलं. परत पेट्या देऊ का म्हणून त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

गेल्या वर्षी आंब्याला मोहोर चांगला आला होता. फळ धरलं ते मात्र थोडं. माश्या नाहीत म्हणून, का थंडी कमी पडली म्हणून, मला नक्की सांगता येणार नाही. फुलाच्या दिवसांत तिथं बसलं की पानांचा आवाज येतो, गडावरून कुणीतरी मारलेल्या आरोळ्या येतात. बाकी काही नाही.

भात पेरायच्या आधी तरव्याची, म्हणजे रोपांच्या वाफ्याची, जमीन भाजायला झाडांचं टहाळं लागतं. ते तोडायला यंदा जाऊ माझ्याबरोबर वर आली. मी बोलावलं नव्हतं. सुट्टी होती म्हणाली. करंजाच्या खालच्या फांद्या तिनं कोयत्यानं छाटल्या, मी गोळा केल्या. पेट्यांच्या दगडांपाशी आल्यावर ती थांबली नाही, वळसा घालून पुढं गेली. दुपारी आम्ही फणसाखाली भाकरी खाल्ली.

"हे झाड त्येंनी लावलं का म्या?" तिनं एकदम विचारलं.

मला आठवत नव्हतं. "दोघांनी," मी म्हटलं.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्याचा खड्डा त्येंचा. लई खोल व्हता, मी चिडले व्हते."

मग आम्ही भारे बांधले, एकमेकींच्या डोक्यावर चढवले आणि खाली उतरलो.