झरीची कोरी पट्टी

आमच्या परभणीच्या लॅबमध्ये जिवाणूंपेक्षा किस्से जोमाने वाढतात. जिवाणूंना निदान थंडावा लागतो. किस्से उन्हातही टिकतात.

काम सांगायला सोपं आहे. काळ्या रानात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भरपूर असतं, पण चुन्यात अडकलेलं. आमचे जिवाणू ते विरघळवून पिकाला देतात. बियाण्याला लावायची ही पाकिटं माझ्या यजमानांनी सुरू केली. सगळे त्यांना सर म्हणत. लॅबमध्ये मीही.

*

ताडकळसच्या बाजारात सर सांगत होते, "या पाकिटात कोट्यवधी जीव आहेत."

एका आजोबांनी पाकीट कानाला लावलं. "आवाज तर येईना."

"झोपलेत. ओल्या मातीत गेले की उठतील."

"मग आमच्या पोरापेक्षा बरे. त्यो कशानंच उठंना."

*

झरीचे नामदेवराव आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या घरच्या सरूबाईंनी पाकीट फ्रीजमध्ये ठेवू दिलं नाही. "जंतू हाईत त्यात. दह्याशेजारी कशाला?"

सरांनी फोनवर समजावलं, "वहिनी, दह्यातसुद्धा जिवाणूच असतात."

आठवड्याने नामदेवरावांचा फोन. "सर, तुमचं पाकीट बसलं फ्रीजमदी. आमचं दही मात्र बंद झालं."

*

पुढच्या वर्षी सरूबाईंनी जिवाणू लावलेल्या बियाण्याच्या पाटीची पूजा मांडली. हळदीची मूठ भरलेली. सर धावले. "वहिनी, हळदीनं जिवाणू मरतील!"

"मग कुंकू?"

"चालेल. पण बियाण्याला नको, पाटीला लावा."

*

सर गेले. त्यानंतरच्या पेरणीला गावं पाकिटं घ्यायची थांबली. झरीचे माधवराव पारावर सरळ बोलले, "सर होते तवर ठीक होतं. आता ताईंचं कोन घेणार?"

मी नामदेवरावांकडे गेले. म्हटलं, "सोयाबीन पेरताना चार तासं, एवढ्या चारच ओळी, जिवाणू न लावता सोडा. त्याला आम्ही कोरी पट्टी म्हणतो. फरक डोळ्यांना दिसला तर लोक माझी पाकिटं घेतील. नाही दिसला, तर लॅबला कुलूप."

श्रावणात गावातल्या चौघांना घेऊन बांधावर उभी राहिले. माधवराव मुद्दाम आले होते. रान काळंभोर हिरवं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं. कोरी पट्टी कुठेच वेगळी दिसेना. मी दोन्हीकडची झाडं उपटून पाहिली. मुळंही सारखीच. माधवराव खाकरले. नामदेवराव माझ्याकडे बघेनात.

खुरपं घेऊन सरूबाई आल्या. "काय शोधायलाव ताई?"

"कोरी पट्टी."

"ती कुठली आता? समद्या बियाण्याला मीच लावलं. चार तासं उपाशी ठेवायची म्हंजे काय?"

"अहो, पण मग लोकांना फरक कसा दाखवू?"

सरूबाईंनी खुरप्याने बांधापलीकडचं पिवळट सोयाबीन दाखवलं.

"ते कोरंच हाय की. माधव भावजींचं."