बस्त्याला घासलेलं कार्ड
नव्या साड्यांच्या खळीचा वास आला, की माझं डोकं अजून तापतं. चुलत्यांच्या थोरल्याचं लग्न होतं. विट्याच्या दुकानात साऱ्या भावकीनं बस्ता बांधला आणि बिलाच्या वेळी चुलते म्हणाले, "तुझं क्रेडिट कार्ड घास रं, तुला पॉइंट मिळत्यात. रोख घरी देतो." पॉइंटांच्या हावेपायी मी घासलं. पुढं पैसे मागितले, तर म्हणाले, "तुझ्या खिशातलं काय गेलं? बँकंचं गेलं." व्याजासकट मीच फेडलं. पॉइंटांवर बॅग आली, तीही घेऊन नवरा-नवरी महाबळेश्वरला गेले. काल चुलत्यांचा फोन आला, "धाकट्याचा बस्ता हाय. कार्ड इसरू नगंस." मी कात्रीनं कार्डाचे तुकडे केले आणि आहेराच्या पाकिटात भरले.