कालव्यावरचा पाटकरी

काल नातीचा फोन आला. तिचा एका वकिली फर्ममध्ये इंटरव्ह्यू आहे. "आजोबा, आत्ताच्या नोकरीबद्दल विचारलं तर काय सांगू?" म्हणाली... आणि मी एकटाच हसत सुटलो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होतो. म्हणजे पाळीप्रमाणे दारं उघडायची, शेतांना पाणी सोडायचं आणि दिवसभर लोकांची भांडणं ऐकायची.

नोकरी करत करत वकिलीची परीक्षा पास झालो. आमच्या बौद्ध वस्तीतून इथवर पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे अख्ख्या वस्तीचे डोळे माझ्याकडे लागलेले. पण हाताखाली घ्यायला सिनियर मिळेना. दोघांनी परत पाठवलं होतं... हिंगोलीचे वकीलसाहेब हे तिसरे.

एका मित्राने अक्कल शिकवली. "पाटकरी म्हणू नको बाबा. कारकून हाय म्हणून सांग." मला ते पटलं, हे जास्त वाईट.

वकीलसाहेब जुन्या वळणाचे, हैदराबादला शिकलेले. बाजूच्या बाकावर पक्षकार बसलेले. सगळ्यांसमोरच विचारलं, "सध्या काय करतोस?"

"कालव्याच्या ऑफिसात कारकून आहे, साहेब."

"काय काम असतं?"

"पत्रव्यवहार..."

"कशाबद्दल?"

आता आली का पंचाईत! तेवढ्यात बाकावरून आवाज आला...

"अहो सायब, कारकून कशाचा? हा तर आमचा पाटकरी!"

रुक्मिणबाई! कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला तिचं वावर. बांधाच्या भांडणासाठी आली होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "कसा आहे हा पाटकरी?"

"खडूस हाय!" बाई म्हणाली. "मागच्या साली पाळी नसताना मी पाणी घेतलं, तर माझं दार बंद केलं यानं. लई शिव्या देल्या मी."

संपलंच म्हटलं... पण बाई थांबली नव्हती.

"पर एक हाय सायब. आधी पार शेवटच्या वावरात चालत येतो. तिथं पाणी पोचलं का न्हाई ते बघतो, मंग वरच्यायचं ऐकतो. वरचा पाटील असला तरी बराबर त्याचं बी दार बंद करतो. याच्या आधी कोणी आलं न्हाई आमच्याकडं."

वकीलसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "हे सोडून पत्रव्यवहार काहून सांगत होतास?"

"लाज वाटली साहेब," मी खरं ते सांगून टाकलं.

"बरं. आता पहिल्यापासून सांग. सध्या काय करतोस?"

मग मी सांगत सुटलो... पाळ्या, पाटाच्या चाऱ्या, पाण्यावरून डोकी फोडायला निघालेले सख्खे भाऊ, सगळं. बाकावरची माणसंही ऐकत होती. बाई मधूनमधून माझ्या चुका दुरुस्त करत होती!

"सोमवारपासून ये," वकीलसाहेब म्हणाले. आणि पहिली फाईल हातात दिली ती रुक्मिणबाईचीच. तिचा बांध बघायला आम्ही चालत गेलो, तेव्हा मी शेजाऱ्याच्या बाजूनेही उभा राहून बघितलं. बाई पुन्हा चिडली...

नातीला म्हटलं, जे करतेस तेच सांग बेटा. नीट सांग.

पुढे काळा कोट आला, लोक वकीलसाहेब म्हणू लागले. रुक्मिणबाईने मात्र शेवटपर्यंत म्हटलं नाही. भर कोर्टाच्या आवारात, चार वकिलांत उभा असलो तरी लांबूनच हाक यायची... "ओ पाटकरी!"

सुरुवातीला मी इकडेतिकडे बघायचो. नंतर नंतर ती हाक आली नाही, की कोर्टाचा दिवस सुना वाटायचा.