कोळसेवालीच्या मुलाचा हार

चित्र भिंतीवर चढवायच्या आधी ती त्याला कान लावायची. मग मला म्हणायची, "मिस्त्री, आता ठोक खिळा." मी सुतार माणूस, चौथीत शाळा सुटलेला. लाकूड पोकळ आहे का ते बघायला आम्हीही कान लावतो. पण चित्राला कशाला? एकदा विचारलंच. म्हणाली, "आत माणसं आहेत."

बाई युक्रेनची. लढाईत तिचं घर जळलं. छपराच्या लाकडांचा जो कोळसा झाला तो तिने पिशवीत भरून घेतला, आणि त्याच कोळशाने गावातल्या मेलेल्या माणसांची चित्रं काढली. म्हणून आम्ही तिला कोळसेवाली म्हणायचो. इथे बहरीनला, अदलियातल्या एका व्हिलात तिचं प्रदर्शन लागणार होतं. पेट्या उघडायच्या, चौकटी करायच्या, चित्रं टांगायची, हे काम माझं. आमचा ड्रायव्हर सदा चिपळूणचा. पेटीला हात लावला की ओरडायचा, "सांभाळून, मिस्त्री, चूल सांडेल!" तिला कळायचं नाही, पण हसायची. तिचं इंग्रजी तोडकं, माझं त्याहून तोडकं. त्यामुळे वायफळ बोलणं आमच्यात झालंच नाही.

एका मोठ्या कापडावर तिचा कुणी संत होता. दाढी, हात, अंगरखा, सगळं काढलेलं, डोळे तेवढे कोरे. लोक त्याच्यापुढे मान हलवत उभे राहायचे. मला त्यातलं काही कळत नाही. मी सरळ विचारलं, "बाई, डोळे राहिले का?"

"राहिले नाहीत. त्याने बघायचं सोडलंय. बघायला लागला की काढीन."

"आणि त्याच्यापुढे मेणबत्ती लावता ती?"

"लावते. भांडण झालं म्हणून घरातला दिवा बंद करतो का आपण?"

हे मला पटलं. बायको गेल्यापासून माझंही देवाशी तसंच चाललंय.

त्या सगळ्या काळ्या चित्रांत एकच फोटो होता, रंगीत. तिच्या मुलाचा. लष्करी कपडे, आणि हसू असं की आताच कुणाची तरी खोडी काढून आलाय. तो तिने सांगितलं तसा मी मधल्या भिंतीवर लावला. एवढ्या मेलेल्यांच्या मधोमध लावलाय म्हटल्यावर मी काय समजायचं? पोराचा फोटो उघडा कसा ठेवायचा, म्हणून बाब अल बहरीनच्या मागे देवळाच्या गल्लीत जाऊन पांढऱ्या शेवंतीचा हार आणला आणि घातला फोटोला.

ती आली. बघत राहिली. "हे काय?"

"आमच्यात गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात."

तिने हार ओढला नाही. झोपलेल्या पोराच्या गळ्यातून काढावा तसा हळू काढला आणि माझ्या हातात दिला. "अजून नाही," म्हणाली. "तो सापडत नाही. मेला असं कुणी सांगितलेलं नाही."

सदाने गाडीत झाप झाप झापलं. "जित्या पोराला हार घातलास? म्हातारा झालास, अक्कल मफी, उरलीच नाही!"

मला वाटलं, आता ही माझं तोंड बघायची नाही. तर दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसली. माझी बायको वारल्याचं तिला ठाऊक होतं. "तिच्या फोटोला घातलास हार?"

"नाही."

"का?"

"मी गावी पोचलो तेव्हा राखसुद्धा खाडीत गेली होती. गेलेली बघितलीच नाही, तर हार कसा घालू? मुलगा ओरडतो माझ्यावर."

तिने कप खाली ठेवला. "नको घालूस," म्हणाली. "मीही नाही घालत."

प्रदर्शन उतरवायच्या दिवशी मी आत गेलो तर ती रिकाम्या पेटीवर बसलेली. फोन मांडीवर पालथा. हात कोळशाने काळे. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मिस्त्री, तो हार आण."

सदाला म्हटलं, "यल्ला, गाडी काढ." फूलवाल्याने विचारलं, "कितने, चाचा?" मी एक म्हणालो. त्याने बांधायला घेतला, तेव्हा म्हटलं, "दो दे."

"गाठ कुठे येते?" तिने विचारलं.

"वर. खिळ्याला."

तिने स्वतःच्या हाताने घातला. पांढरी फुलं बोटांनी काळी झाली. मग माझ्या हातातली पुडी बघितली. "तो कुणाचा?"

"घरचा."

"मग इथे काय करतोस? जा. चित्रं मी उतरवते."

"बाई, जड आहेत."

"माहीत आहे."

ती मुलाला पुरायला देशाला गेली. पुढचं मला ठाऊक नाही.

चित्रं उतरवली त्या दिवशी मी मआमीरला माझ्या खोलीवर आलो. खाटेवरच्या फळीवरून बायकोचा, सुनंदाचा फोटो खाली घेतला, पुसला. हार हातात होता. घालायच्या आधी फोटोला कान लावला.

आत काही आवाज नव्हता. मग घातला.