आवाज बंद करून लावलेली फिल्म

तिने शेवटच्या रांगेत रक्त ओकलं तेव्हा पडद्यावर सरकारी डॉक्टर नुसतंच तोंड हलवत होता. आवाज बंद होता, दिवे चालू होते, खुर्च्या रिकाम्या. मी दोन रांगा पुढे सांडलेले पॉपकॉर्न झाडत होते.

भाईंदरच्या त्या थेटरात आम्ही दोघी सफाईला. ती जवळच्याच डोंगरी गावातून बसने यायची. एक खेळ सुटला की दुसरा भरेपर्यंत आम्हाला पंधरा मिनिटं मिळायची. टीबीची सरकारी फिल्म सिनेमाआधी लोकांना दाखवायची असा हुकूम होता. लोक शिट्ट्या मारतात म्हणून मॅनेजर ती याच पंधरा मिनिटांत लावायचा, दारं लावून, आवाज बंद करून. मग रजिस्टरात लिहायचा, दाखवली.

म्हणजे दिवसातून चार वेळा ती फिल्म बघायला आम्ही दोघीच. आणि झाडणारी बाई खाली बघते.

पडद्यावर ओळ यायची, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. ती शाळेत गेलीच नव्हती. मी चौथी शिकलेली. पहिले काही दिवस मी ती ओळ पुरी वाचायचे. पुढे भिंतीकडे बघतो तशी बघायला लागले. ती तर पावसाळा संपल्यापासून खोकत होती.

"कुणाला तरी दाखव जाऊन," एकदा मी म्हटलं.

"काय न्हाय गं, धुळीचा हाय. तू झाडतेस कसली, सगळी धूळ माझ्याकडंच ढकलतेस."

आम्ही हसलो. तेव्हाही पडद्यावर फिल्म चालू होती. मी मान वर केली नाही.

तिला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला म्हटलं, "लोक बसल्यावर लावा ती फिल्म. आवाजासकट."

"मावशी, लोग टिकट निकालके खांसी देखने आते हैं क्या?"

"मग लावता कुणासाठी?"

त्याने रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, दाखवली.

दवाखान्याने तिच्यासोबत काम करणाऱ्यांनाही तपासायला बोलावलं. मलाही टीबी निघाला. लवकर सापडला म्हणाले. सहा महिने गोळ्या घेतल्या. तिच्या गोळ्यांना उशीर झाला होता, तिसऱ्याच आठवड्यात ती गेली. मी जिवंत आहे.